दाव्यांची झडती

रोग कशाने होतो, कशाने टळतो आणि कशाने बरा होतो, याविषयी सत्तेच्या जागेवरून केलेली विधाने आणि त्या विधानांचा लोकांनी विचारलेला जाब, हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक इतिहासातला एक सलग धागा आहे. तो एकत्र गुंफून क्वचितच मांडला जातो, कारण त्याचे तुकडे शस्त्रक्रियेच्या, साथींच्या, संततिनियमनाच्या आणि अंधश्रद्धाविरोधी चळवळीच्या वेगवेगळ्या इतिहासांत विखुरलेले आहेत. पुण्याच्या शनिवार पेठेत उभे राहिले, तर यांतले बरेच तुकडे हाताच्या अंतरावर सापडतात.

पूर्वी मुर्तुझाबाद या नावाने ओळखली जाणारी ही पेठ मुठेच्या उजव्या तीरावर आहे. तिच्या एका टोकाला १७३० मध्ये पायाभरणी झालेला शनिवारवाडा आणि नदीच्या बाजूला, त्याच दशकात उभे राहिलेले ओंकारेश्वराचे देऊळ. या देवळाजवळच्या घाटावर पूर्वी स्मशान होते आणि जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात ओंकारेश्वराचे नाव अंत्यविधीशी जोडलेले असे. देवळाजवळून पलीकडे बालगंधर्व रंगमंदिराकडे जाणाऱ्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव आहे, आणि पेठेतच ४३१ क्रमांकाच्या जागेत ‘साधना’ साप्ताहिकाचे कार्यालय आहे. वाडा, घाट, पूल आणि कार्यालय या चार जागांच्या आधाराने पुढील विवेचन केले आहे.

‘दावा’ हा शब्द येथे एका ठरावीक अर्थाने वापरला आहे: शरीर, रोग किंवा औषध यांविषयीचे असे विधान, की जे खरे मानण्यासाठी तपासणी हवी, पण ती झालेली नसताना, किंवा तिचा निकाल उलट लागलेला असतानाही, ते खरे म्हणून सांगितले जाते. असा दावा गावातल्या मांत्रिकाने केला, तर त्याच्या दारात न जाण्याची मोकळीक माणसाला उरते. तोच दावा मंत्र्याने केला, की त्यातून शासन निर्णय निघतो, त्यासाठी तिजोरीतून खर्च होतो, शाळेतल्या पुस्तकापर्यंत तो पोचतो, आणि ज्या आजाऱ्याला खऱ्या उपचारासाठी सरकारी दवाखान्याखेरीज दुसरी वाट नाही, त्याच्यापुढे तो सरकारच्या शब्दाचे वजन घेऊन उभा राहतो. लोकांचा संताप या फरकातून निर्माण होतो आणि तो रास्त आहे.

या इतिहासाची सुरुवात मात्र खोट्या दाव्यापासून होत नाही. ती एका खऱ्या आणि तपासलेल्या घटनेपासून होते. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव कावसजी असे नोंदले आहे. सुमारे वर्षभर नाकाविना राहिल्यावर पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कुंभाराने त्याला नवे नाक बसवून दिले. उरलेल्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याचे माप घ्यायचे, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवायची, ती भुवयांच्या मधल्या अरुंद पट्टीने जोडलेलीच ठेवून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची, अशी ती रीत होती. मधली पट्टी न तोडण्यामागचे कारण असे, की नवी जोड धरेपर्यंत कातडीला रक्त तिच्यातूनच मिळते. जोड पक्की झाल्यावर पट्टी कापली जाई. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रुसो आणि जेम्स ट्रिंडले या दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचे सांगितले जाते, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे सचित्र वर्णन छापून आले. चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे होते. हा वेल्स त्या काळात पुणे दरबाराची चित्रे काढत पुण्यात राहिला होता, आणि इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात जी चित्रशाळा सुरू झाली, तिच्याशी त्याचा संबंध होता. हे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने पुढे बरीच तयारी केली, १८१४ मध्ये याच पद्धतीने नाक बसवले आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आधुनिक युरोपीय प्लास्टिक सर्जरीच्या, म्हणजे शरीराच्या एका भागाची कातडी दुसरीकडे लावून अवयव घडवण्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात पुण्याच्या या कुंभाराचे स्थान असे पक्के आहे.

या घटनेचे मोल विशेषतः पुढच्या एका दाव्याच्या संदर्भात कळते. २५ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या उद्घाटनप्रसंगी डॉक्टरांसमोर बोलताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी गणपतीच्या धडावरील हत्तीचे मस्तक हे प्राचीन काळी प्लास्टिक सर्जन असल्याचे आणि कर्णाचा जन्म हे अनुवंशशास्त्र अवगत असल्याचे लक्षण म्हणून सांगितले. देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदावरून, रुग्णालयाच्या उद्घाटनाला केलेले हे विधान देशभर चर्चिले गेले आणि अनेक वैज्ञानिकांना ते लागले. पुराणकथेचा आदर पुराणकथा म्हणून होतो. ती शस्त्रक्रियेची नोंद ठरवली, की कथेचेही नुकसान होते आणि शस्त्रक्रियेच्या इतिहासाचेही. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक घडवण्याची कृती स्पष्ट लिहिलेली आहे, आणि कपाळाच्या कातडीची रीत पुण्याजवळच्या एका कारागिराच्या हातात जिवंत असल्याची साक्षीदारांसह नोंद आहे. असा भक्कम वारसा असताना त्याच्या जागी न तपासता येणारी गोष्ट ठेवली जाते, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिकलेल्या माणसांचे श्रम पुसले जातात. ज्याच्या हाताने हे नाक घडले, त्या कुंभाराचे नावही इंग्रजी वृत्तान्तात नाही, आणि त्याची उपेक्षा या विधानाने आणखी वाढली.

सत्तेच्या दाव्यांविषयीचा अविश्वास पुण्यात खोल रुजला तो प्लेगच्या साथीत. जुन्या मराठी लिखाणात ‘ग्रंथिक सन्निपात’ या नावानेही येणारा हा गाठीचा रोग सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ओळखला, आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली पुण्यात प्लेग समिती नेमली गेली. मार्च ते मे या काळात गोऱ्या सोजिरांच्या टोळ्या पेठांतल्या घराघरांत शिरून आजारी माणसे शोधत. याला तेव्हाच्या भाषेत ‘झडती’ म्हणत. घरातले सामान बाहेर काढून जाळणे, भिंतींना चुना फासणे, जमीन खणणे आणि आजाऱ्याला रुग्णालयात व घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेणे, असा त्या झडतीचा क्रम असे. देवघरात आणि स्वयंपाकघरात बुटांसकट जाणारे सोजीर, स्त्रियांची अंगझडती आणि अपमान यांविरुद्ध ‘केसरी’ने आणि इतरांनी लिहिले, त्यातून पुढे २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, हा भाग सर्वपरिचित आहे.

त्या इतिहासाची वैद्यकीय बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. १८९४ मध्ये अलेक्झांडर येर्सिन याने हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो जंतू उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसाला जडतो, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, आणि प्लेग आयोगाच्या मुंबईतल्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब व्हायला आणखी आठ-दहा वर्षे गेली. म्हणजे १८९७ मध्ये ज्या खात्रीने घरे खणली गेली, त्या खात्रीला पुरेसा आधार नव्हता. रोग घाणीतून आणि माणसामाणसांतून पसरतो, या अपुऱ्या समजुतीवर ती सक्ती उभी होती. सत्तेने आपले अर्धवट ज्ञान पूर्ण म्हणून लादले आणि लोकांच्या अंगाला, घराला हात घातला, त्याचा परिणाम असा झाला, की जे खरे आणि उपयोगाचे होते तेही संशयास्पद ठरले. रुग्णालयात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या शरीरातून ‘मोमीआई’ नावाचा औषधी अर्क काढतात, अशी अफवा मुंबई इलाख्यात पसरली, आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. वाल्डेमार हाफकिन याने मुंबईत तयार करून जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतलेली प्लेगची लस हे त्या काळचे खरोखर परिणामकारक साधन होते. तिलाही या अविश्वासाची झळ लागली. अफवेचा जन्म अज्ञानातून होतो असे म्हणून इतिहासकाराला थांबता येत नाही, कारण सत्तेने आधी गमावलेला विश्वास हीही अफवेची जमीन असते.

याच साथीत दोन वेगळ्या वागणुकी दिसतात आणि त्या पुढील काळासाठी मोलाच्या आहेत. पहिली गोपाळ कृष्ण गोखले यांची. १८९७ च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडमध्ये असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर त्यांनी तेथील वृत्तपत्राला सांगितले, की सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केले असून त्यांतल्या एकीने जीव दिला. परत आल्यावर त्यांनी पुरावा मागितला, तेव्हा माहिती देणाऱ्यांपैकी कोणी नावानिशी उभे राहिले नाही, आणि गोखल्यांनी जाहीर व बिनशर्त माफी मागितली. यामुळे त्यांच्यावर स्वकीयांनी कठोर टीका केली, राजकीय प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला, आणि पुढच्या साथीत ते स्वयंसेवक म्हणून प्लेगच्या कामात उतरले. सोजिरांची वर्तणूक निर्दोष होती असे यातून सिद्ध होत नाही. धाकाखालच्या माणसांना साक्ष देणे अवघड असते. तरीही पुरावा हाती नसताना केलेले विधान मागे घेणे हे सार्वजनिक पुरुषाचे कर्तव्य आहे, हा दंडक एका पुणेकर राजकारण्याने स्वतःचे नुकसान सोसून घालून दिला, आणि नंतरच्या सव्वाशे वर्षांत तो फार थोड्यांनी पाळला. दुसरी वागणूक सावित्रीबाई फुले यांची. त्यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्याकडून हडपसर परिसरातल्या मोकळ्या माळावर दवाखाना उघडवला, आजाऱ्यांना स्वतः तेथे पोचवले, आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला.

पुढच्या काळात सत्तेचे केंद्र बदलले, आणि आरोग्याविषयीचे दावे परक्या अधिकाऱ्यांऐवजी स्वकीय नेत्यांकडून येऊ लागले. मराठीत ज्या रोगाला ‘देवी’ आणि ज्याची लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणत, त्या रोगावरची गोवंशातून मिळणारी लस महात्मा गांधींना अशुद्ध आणि अधार्मिक वाटे, आणि १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधल्या आरोग्यविषयक गुजराती लेखमालेत त्यांनी तसे लिहिले. आधुनिक वैद्यकावरचा त्यांचा आक्षेप मोठा होता. तरीही १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून ससून रुग्णालयात आणून कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या अपेंडिक्सवर शस्त्रक्रिया केली, आणि मध्येच वीज गेल्यामुळे ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. त्या शस्त्रक्रियेने त्यांचा जीव वाचला, आणि डॉक्टरांविषयीची कृतज्ञता त्यांनी मोकळेपणाने व्यक्त केली. गांधींच्या बाबतीत महत्त्वाचे हे, की त्यांना जाहीरपणे खोडून काढता येत असे. १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला त्यांनी अस्पृश्यतेच्या पापाचे फळ म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांनी लेखी निषेध केला आणि गांधींनी तो आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला.

मराठीत या प्रकारचा सर्वांत चिवट प्रतिवाद र. धों. कर्वे यांनी केला. संततिनियमनाची साधने शरीराला व नीतीला घातक असून ब्रह्मचर्य हाच आरोग्याचा मार्ग आहे, हे मत तेव्हा नेत्यांच्या तोंडी सर्रास होते. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून कर्वे या मतामागचा वैद्यकीय पुरावा मागत राहिले, आणि गांधींनाही त्यांनी त्यातून सूट दिली नाही. संततिनियमनाच्या प्रचाराचा मोबदला त्यांना खटले, दंड आणि नोकरी गमावणे अशा रूपांत मिळाला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली, आणि आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठरावही आणला. तो फेटाळला गेला. बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न आमदारांपुढे मांडला जाऊनही त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, हे नोंदवणे आवश्यक आहे.

स्वातंत्र्यानंतर या परंपरेचे शनिवार पेठेशी नाते जुळले ते ‘साधना’मुळे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत सुरू केलेले हे साप्ताहिक पुढे पुण्यात आले, आणि १९९८ पासून त्याच्या संपादकपदी डॉ. नरेंद्र दाभोलकर होते. १ नोव्हेंबर १९४५ रोजी जन्मलेले दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉक्टर होते आणि साताऱ्यात त्यांनी बारा वर्षे दवाखाना चालवला होता. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात त्यांचा डॉक्टरी अनुभव सतत दिसतो. सर्पदंशानंतर देवळात झोपवलेले मूल, अंगात आले म्हणून मिरचीची धुरी दिलेली स्त्री, बुवाच्या अंगाऱ्यावर विसंबून औषध बंद केलेला क्षयरोगी, अशी माणसे डॉक्टरांपर्यंत पोचत तेव्हा उशीर झालेला असे. राज्यघटनेच्या ५१-क (ज) या अनुच्छेदाने, जो १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला, वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे, याचा आधार दाभोलकर नेहमी घेत.

प्रतिवादाची त्यांची रीत कर्व्यांप्रमाणेच पुराव्याची होती. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ज्योतिर्विज्ञान’ हा विषय विद्यापीठांत शिकवण्याचा निर्णय घेतल्यावर वैज्ञानिकांनी विरोध केला, न्यायालयात गेले, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. त्यानंतर २००८ मध्ये पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची साधी चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका गोळा करून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका पाठवल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून काढलेल्या उत्तरांइतकीच. या चाचणीत आरोग्याचा मुद्दा असा होता, की मतिमंद मुलांच्या आईबापांना पत्रिका दाखवून शांती करायला लावणे हा आजही चालणारा व्यवहार आहे.

अंधश्रद्धाविरोधी कायद्याचा इतिहास याहून लांबला. १९९५ मध्ये विधान परिषदेत अशा कायद्याची मागणी करणारा ठराव झाला. २००३ मध्ये मसुदा तयार झाला. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, पण विधान परिषदेत ते अडकले, आणि विधानसभेची मुदत संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. सत्तेवर असलेल्या पक्षांनी पाठिंबा जाहीर करायचा आणि मतदानाची वेळ आली की मागे हटायचे, विरोधकांनी विधेयक धर्माविरुद्ध आहे असे सांगायचे, आणि वारी, कीर्तन, भजन यांवर बंदी येणार अशी भीती वारकऱ्यांत पसरवायची, असे वर्षानुवर्षे चालले. प्रत्यक्षात विधेयकाचा विषय वारी नव्हताच. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे गुन्हा ठरणाऱ्या कृत्यांच्या यादीत, कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, बोटांनी शस्त्रक्रिया करण्याचा दावा करणे, गर्भवतीच्या पोटातल्या गर्भाचे लिंग बदलून देण्याचा दावा करणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे अशा बाबी होत्या. ज्या आमदारांनी या यादीला विरोध केला, त्यांच्या मतदारसंघांतही सर्पदंशाने माणसे मरत होती, आणि म्हणूनच या दिरंगाईविषयीची चीड समजण्याजोगी आहे.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांची ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घालून हत्या झाली. ‘साधना’चे कार्यालय तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दुसऱ्या दिवशी पृथ्वीराज चव्हाण यांच्या मंत्रिमंडळाने वटहुकूम काढण्याचे ठरवले, काही दिवसांत तो लागू झाला, आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला. अठरा वर्षे ज्याला वेळ मिळाला नव्हता, ते काम चार महिन्यांत झाले. वटहुकूमाखाली नोंदवलेला अगदी सुरुवातीचा एक गुन्हा नांदेडचा होता, आणि तो कर्करोग, मधुमेह व एड्स चमत्काराने बरे करण्याच्या जाहिरातीबद्दलचा होता. या कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

तरीही या कायद्याची कुंपणे कोठे संपतात, हे पाहिले पाहिजे. तो मांत्रिकाला, बुवाला आणि त्यांच्या जाहिरातदाराला अडवतो. १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा केंद्रीय कायदाही जाहिरातीपुरताच आहे. भाषणाकडे सहसा जाहिरात म्हणून पाहिले जात नाही, आणि मंत्री हा मांत्रिक नव्हे, त्यामुळे व्यासपीठावरून केलेला आरोग्याचा दावा व्यवहारात दोन्ही कायद्यांच्या कक्षेबाहेर राहतो. लोकशाहीत भाषणाला कायद्याने फार बांधू नये, हे खरे आहे. पण मग त्या दाव्याला उत्तर देण्याची सगळी जबाबदारी समाजावर येते.

ते उत्तर कसे दिले जाते, याची तीन उदाहरणे पुरेशी आहेत. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला एका वैदिक संमेलनात केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा उत्क्रांतिवाद चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून काढावा असे म्हटले. हे गृहस्थ पूर्वी पुण्याचे आणि नंतर मुंबईचे पोलीस आयुक्त होते. जंतू औषधांना का जुमानेनासे होतात, विषाणू का बदलतात, हे उत्क्रांतीखेरीज समजत नाही, म्हणून हा वाद डॉक्टरांचाही होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढले, शेकडो वैज्ञानिकांनी सह्या केल्या, आणि त्याच खात्याचे कॅबिनेट मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी सहकाऱ्याला अशी विधाने न करण्यास सांगितले.

दुसरे उदाहरण करोनाच्या काळातले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले. केंद्रीय आयुष मंत्रालयाने जानेवारीत सुचवलेले ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ हे होमिओपॅथीचे औषध रोगप्रतिबंधक म्हणून राज्यभर वाटले गेले. अनेक ठिकाणी नगरसेवकांनी आणि पक्षकार्यालयांनी ते घरोघरी पोचवले, आणि ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण भागातल्या सुमारे पाच कोटी लोकांना ते देण्याची घोषणा केली. या नावातील तीस हा आकडा विरलतेचा आहे: मूळ द्रव्याचा एक भाग शंभर भागांत मिसळायचा, त्यातला एक भाग पुन्हा शंभरात, आणि असे तीस वेळा, म्हणजे एकावर साठ शून्ये इतकी विरलता होते. साधारण बाराव्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता नगण्य असते, हे शाळेच्या रसायनशास्त्रातून कळते. या वाटपाने विषबाधा होण्याचा धोका नव्हता. धोका होता तो आपण सुरक्षित झालो या समजुतीने मुखपट्टी काढून गर्दीत जाणाऱ्या माणसाला. ज्या शहरातील राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्या विषाणूचा अभ्यास केला आणि ज्या शहरातून जानेवारी २०२१ मध्ये कोविशिल्ड लशीच्या पहिल्या खेपा देशभर रवाना झाल्या, त्याच शहरातल्या पेठांत या गोळ्या संरक्षण म्हणून वाटल्या गेल्या, हे आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांना सलले.

तिसरे उदाहरण त्यानंतरच्या महिन्यातले. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीत करोनावरचे म्हणून पुढे आणलेल्या ‘कोरोनिल’ या औषधाच्या कार्यक्रमाला केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्ष वर्धन आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी उपस्थित होते, आणि औषधाला जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार मान्यता असल्याचे तेथे सुचवले गेले. त्या संघटनेने आपण कोणत्याही पारंपरिक औषधाची करोनावरील परिणामकारकता तपासलेली वा प्रमाणित केलेली नाही, असा खुलासा केला. इंडियन मेडिकल असोसिएशनने स्वतः डॉक्टर असलेल्या मंत्र्यांकडे स्पष्टीकरण मागितले. आणि राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी योग्य प्रमाणपत्राशिवाय महाराष्ट्रात त्याची विक्री होऊ देणार नाही असे जाहीर केले. या तिन्ही प्रसंगांत एकच पक्ष नव्हता, त्यामुळे हा एका पक्षाचा दोष ठरत नाही. ज्या दोन प्रसंगांत शास्त्रज्ञांनी किंवा डॉक्टरांनी संघटितपणे, नाव घेऊन आणि तत्काळ आक्षेप नोंदवला, त्यांत सत्तेतल्याच कोणाला तरी हालचाल करावी लागली. गोळ्यांच्या वाटपाच्या बाबतीत आक्षेप विखुरलेले राहिले आणि वाटप चालू राहिले.

२०१७ पासून देशातल्या अनेक शहरांत निघालेल्या विज्ञान मोर्चांनी अवैज्ञानिक कल्पनांचा प्रसार थांबवण्याची आणि अनुच्छेद ५१-क (ज) पाळण्याची मागणी केली, आणि २०१८ पासून विज्ञानचळवळींनी २० ऑगस्ट हा राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. दाभोलकरांच्या हत्येचा खटला पुण्याच्या विशेष न्यायालयात चालला. १० मे २०२४ रोजी गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली आणि कटाचा आरोप असलेल्या तिघांची पुराव्याअभावी मुक्तता झाली. हत्येमागचा सूत्रधार कोण, हा प्रश्न निकालानंतरही कुटुंबाने आणि समितीने सोडलेला नाही. दर वर्षी २० ऑगस्टला सकाळी कार्यकर्ते ओंकारेश्वराजवळच्या पुलावर जमतात, आणि ‘साधना’चा अंक शनिवार पेठेतूनच निघतो.